मॉरिस मायनरची कुळकथा

राजांचीं, सेनापतींचीं आणि ग्रंथकारांचीं चरित्रें लिहिण्याची चाल जुनी आहे. वस्तूंचीं चरित्रें लिहिण्याची चाल आपल्याकडे अद्याप म्हणावी तशी रुळलेली नाहीं. एखादी वस्तु कोणी कल्पिली, कोणी तिला विरोध केला, कोणत्या करामुळें तिचें एक अंग वाढलें आणि कोणाच्या काटकसरीमुळें दुसरें खुरटलें, हें शोधूं गेल्यास त्या वस्तूंतून एका समाजाचा एक काळ जितका स्पष्ट दिसतो तितका तो कित्येकदां कायदेमंडळाच्या वृत्तांतांतूनहि दिसत नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडचें असें दर्शन घडविणाऱ्या वस्तूंत मॉरिस मायनर ह्या लहानशा मोटारगाडीची गणना अगदीं आरंभीं करावी लागेल. १९४८ पासून १९७१ पर्यंत ती निघत होती. ह्या अवधींत तिच्या सुमारें सोळा लाख प्रती बाहेर पडल्या. खेडोपाडीं फिरणाऱ्या सुईणीनें ती वापरली, टपालखात्यानें वापरली, पोलिसांनीं वापरली. दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी पहिली ब्रिटिश मोटार तीच. आणि गंमत अशी कीं, ज्याच्या नांवावर ती विकली गेली त्या धन्याला ती जन्मापासून नकोशी होती. धन्याला नकोशी असलेली वस्तु लोकांना इतकी हवीशी कशी झाली, आणि इतकी हवीशी होऊनहि तिच्या धन्याच्या घराण्याचें दैन्य तिनें कां टाळलें नाहीं, ह्या दोन प्रश्नांभोंवतीं ही कथा फिरते.

प्रथम धन्याविषयीं. हे विल्यम मॉरिस म्हणजे कवि व कलाकुसरीचे कैवारी विल्यम मॉरिस नव्हत. इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याचा हा घोटाळा हमखास होतो म्हणून सांगितलें. त्या कवीला यंत्रानें काढलेल्या मालाची जितकी शिसारी होती तितकी क्वचितच कोणाला असेल. आपले मॉरिस १८७७ सालीं जन्मले, पंधराव्या वर्षीं शाळा सोडून सायकलीच्या दुकानांत उमेदवार राहिले, आणि वर्षाच्या आंतच चार पौंडांच्या भांडवलावर त्यांनीं ऑक्सफर्डमध्यें स्वतःचा सायकलदुरुस्तीचा धंदा मांडला. १९१३ सालीं त्यांची पहिली मोटार निघाली. तिचें नांव अर्थात् 'ऑक्सफर्ड'. ऑक्सफर्डजवळच्या काउली गांवीं त्यांचा कारखाना वाढला, आणि १९२१ च्या मंदींत इतर कारखानदार हातावर हात ठेवून बसले असतां ह्या गृहस्थानें एकदम किंमती उतरवून गिऱ्हाइकांची रीघ लावली. पुढें ते लॉर्ड नफील्ड झाले, विद्यापीठाला व रुग्णालयांना त्यांनीं कोट्यवधि रुपयांच्या देणग्या दिल्या, त्यांच्या नांवाचें एक कॉलेजहि ऑक्सफर्डांत उभें राहिलें. अशा माणसाला धंद्यांतलें कळत नव्हतें असें म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. परंतु उतारवयांत त्यांचा एक दोष बळावला: ज्या गोष्टीनें काल पैसा दिला तीच गोष्ट उद्यांहि देईल, असा त्यांचा दृढ विश्वास बसला.

'मायनर' हें नांव मूळचें त्यांच्याच कारखान्यांतील एका जुन्या गाडीचें. १९२२ पासून ऑस्टिन कंपनीच्या 'सेव्हन' नांवाच्या चिमुकल्या गाडीनें मध्यमवर्गीय इंग्रजाला वेड लावलें होतें. तिला उत्तर म्हणून मॉरिस यांनीं १९२८ सालीं पहिली मायनर काढली, आणि १९३१ सालीं तिचा एक साधा प्रकार अवघ्या शंभर पौंडांस विकून दाखविला. १९३४ सालीं ती बंद पडली व तिच्या जागीं 'मॉरिस एट' आली. आपल्या कथेंतील मायनरशीं ह्या थोरल्या मायनरचें नातें नांवापुरतेंच आहे.

धाकटीचा खरा जनक अगदीं निराळ्या मातींतला. अलेक इसिगोनिस याचा जन्म १९०६ सालीं तुर्की साम्राज्यांतील स्मर्ना बंदरांत झाला. बाप वंशानें ग्रीक पण ब्रिटिश प्रजाजन, बंदरांत जहाजांच्या यंत्रांचा कारखाना चालविणारा. आई वंशानें जर्मन. १९२२ सालीं स्मर्ना जळालें आणि हें कुटुंब ब्रिटिश जहाजांतून माल्टा बेटावर नेलें गेलें. तेथेंच बाप वारला. पुढच्या वर्षीं मायलेंकरें इंग्लंडला पोंचलीं. मुलगा लंडनमधील बॅटरसी पॉलिटेक्निकमध्यें शिकला आणि गणितांत तीनदां नापास झाला. गणित हें सर्जनशील माणसाचें शत्रु आहे, असें तो जन्मभर म्हणत राहिला. त्याचें म्हणणें खरें मानण्याचें कारण नाहीं. परंतु हातांत पेन्सिल घेऊन कागदावर गाडी उभी करण्याची जी विलक्षण हातोटी त्याला साधली होती तिची भरपाई गणितानें झाली नसती, हेंहि तितकेंच खरें. १९३६ सालीं तो मॉरिस कंपनींत आला, तो चाकें व सांगाडा यांमधील लवचिक सांधणीचा, म्हणजे स्प्रिंगांचा, अभ्यासक म्हणून. ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मायनरचा पाया ज्या माणसानें घातला तो सजावटकार नव्हता आणि एंजिनवालाहि नव्हता. गाडी रस्त्याला कशी धरून राहील ह्याचाच त्यानें प्रथमपासून ध्यास घेतला होता.

युद्ध सुरू झालें आणि खाजगी मोटारी करणें बंद झालें. काउलीचा कारखाना युद्धाच्या कामाला जुंपला गेला. अशा वेळीं कंपनीचे उपाध्यक्ष माइल्स टॉमस यांनीं, युद्ध संपल्यावर लागेल म्हणून, एका नव्या लहान गाडीचा आराखडा करण्याचें काम इसिगोनिसवर सोंपविलें. गुप्त नांव ठेवलें 'मॉस्किटो', म्हणजे डांस. इसिगोनिसच्या हाताखालीं मुख्यतः दोन जाणते आरेखक होते: जॅक डॅनिएल्स आणि रेग जॉब. हा कागदावर मुक्त हातानें चित्रें काढी, आणि हे दोघे त्या चित्रांचे मापाबरहुकूम नकाशे करीत. मोठ्या कारखान्यांतल्या गाड्या समित्या जन्माला घालतात. ही गाडी दाराच्या हातळ्यापासून चाकाच्या मापापर्यंत एका डोक्यांतून निघाली. युद्ध चालू असतांनाच तिचा पहिला नमुना रस्त्यावर फिरूं लागला.

त्या नमुन्यांत नवें काय होतें? तोंवरच्या बहुतेक इंग्रजी लहान गाड्या म्हणजे खालीं एक लोखंडी चौकट, तिच्यावर आणून बसविलेली पेटी, आणि पुढेंमागें बैलगाडीच्या थाटाचा सलग आंस पाट्यांच्या स्प्रिंगांवर टेकलेला. इसिगोनिसनें चौकटच काढून टाकली. पत्र्याची पेटी हाच सांगाडा केला. पुढच्या दोन चाकांना एकमेकांपासून सोडवून प्रत्येकाला स्वतंत्र हालचाल दिली, आणि पाट्यांच्या जागीं पिळाची दांडी घातली. ह्या दांडीचें मर्म सोपें आहे. एका लांब पोलादी दांडीचें एक टोंक गाडीच्या अंगाला जखडलेलें असतें, दुसरें चाकाच्या भुजेला. खळग्यामुळें चाक वर उचललें कीं दांडीला पीळ बसतो. तो पीळ उलगडला कीं चाक जागेवर येतें. सुंभाच्या दोरीला पीळ देऊन सोडावा आणि ती उलटी फिरावी, तसाच हा प्रकार. दोरीच्या जागीं पोलाद, एवढाच फरक. सुकाणूसाठीं त्यानें दांतेरी पट्टी आणि दंतचक्र यांची साधी जोडी वापरली, त्यामुळें हातांतलें चक्र किंचित् वळतांच चाकें तात्काळ जबाब देत. त्याच्या आधींच्या 'मॉरिस एट'चीं चाकें सतरा इंचांचीं होतीं. त्यानें चौदा इंचांचीं घेतलीं आणि आंतल्या माणसांना जागा मोकळी करून दिली. एंजिन त्यानें पुढच्या चाकांच्याहि पुढें सरकविलें. वजन नाकाकडे गेल्यामुळें गाडी वाऱ्यावादळांत रेषा सोडीत नसे. हे सर्व शोध त्याचे स्वतःचे नव्हते. युरोपांत आणि अमेरिकेंत ते सुटे सुटे कोठेंकोठें वापरांत होते. स्वस्त इंग्रजी गाडींत ते सारे एकत्र आणून त्यांचा मेळ घालणें हें त्याचें कर्तृत्व. अमुक मैल वेग, अमुक अश्वशक्ति, असली जाहिरातींत छापण्याजोगी बढाई त्यांत कांहींच नव्हती. नवशिक्याच्याहि हातीं गाडी सुरक्षित राहावी आणि मुरलेल्यालाहि ती हांकण्यांत आनंद वाटावा, हीं दोन उद्दिष्टें एकाच वेळीं साधलीं गेलीं. हा गुण कारखान्याच्या हिशेबवहींत मांडतां येत नाहीं. पुढें जें झालें त्याचें बीज येथेंच आहे.

एंजिनाच्या बाबतींत मात्र त्याला माघार घ्यावी लागली. इंग्लंडांत मोटारीवरील वार्षिक कर एंजिनाच्या नळ्यांच्या रुंदीवरून ठरत असे. नळी रुंद तर कर जास्त, म्हणून इंग्रजी एंजिनें अरुंद नळ्यांचीं आणि लांब धावेचीं होऊन बसलीं. मायदेशांत कर वांचे, पण ऑस्ट्रेलियासारख्या लांबलांब रस्त्यांच्या मुलखांत तीं धापा टाकीत. एका करानें सबंध देशाच्या यंत्रकलेला असा बांक आणलेला पाहून अर्थशास्त्राच्या अध्यापकांनीं खुशाल आनंद मानावा. इसिगोनिसच्या मनांत चार नळ्या दोनदोन करून समोरासमोर आडव्या निजविलेलें एक नवें एंजिन होतें, तेंहि दोन मापांचें: लहान घरच्यांसाठीं, मोठें परदेशासाठीं. १९४८ च्या आरंभापासून सरकारनें तो जुना कर काढून सर्व नव्या गाड्यांना सारखाच दहा पौंड कर लावला. दोन मापांचें कारण उरलें नाहीं. नव्या एंजिनाचा खर्च तर डोळ्यांपुढें होताच. तेव्हां 'मॉरिस एट'मधलें ९१८ घन सेंटिमीटरचें जुनें एंजिन आणून बसविण्यांत आलें. नव्या घरांत जुनी चूल मांडावी, तसें झालें.

आतां धन्याचा राग. लॉर्ड नफील्ड यांनीं नमुना पाहिला आणि ही गाडी म्हणजे उकडून पसरलेलें अंडें आहे, अशी तिची संभावना केली. 'मॉरिस एट' खपते आहे, तीच खपवा, असा त्यांचा हेका. त्यांच्या बाजूनेंहि विचार करावयास पाहिजे. युद्धानंतर लोकांना कोणतीहि गाडी चालत होती. मागणी इतकी कीं नवेपणाची गरजच नव्हती. नव्या गाडीसाठीं नवे सांचे, नवी यंत्रें, म्हणजे भरमसाट पैसा. काटकसरीनें मोठा झालेला माणूस असें म्हणणारच. परंतु वाद चिघळत गेला, आणि १९४७ च्या नोव्हेंबरांत माइल्स टॉमस कंपनी सोडून गेले. गाडीचा पाठीराखा गेला, पण तोंवर सांचे इतके पुढें गेले होते कीं मागें फिरणें अशक्य होतें.

याच सुमारास एक प्रसंग घडला तो मोटारींच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. गाडी निघण्याच्या अगदीं तोंडावर इसिगोनिसला तिची रुंदी खटकूं लागली. ती उंच व चिंचोळी दिसत होती. त्यानें नमुन्याची गाडी लांबींत मधोमध कापावयास लावली, आणि दोन्ही अर्धुकें एकमेकांपासून हळूहळू दूर सरकवीत, डोळ्यांना बरें वाटेपर्यंत तो पाहात राहिला. बरोबर चार इंचांवर त्याचें समाधान झालें. ते चार इंच गाडींत कायमचे राहिले. बॉनेटच्या मधोमध जी सपाट पट्टी दिसते ती त्यांचीच खूण. पुढचेमागचे बंपर तयार होऊन पडले होते. ते मधोमध कापून, चार इंचांचा तुकडा जोडून वापरावे लागले. पहिल्या गाड्यांच्या बंपरांवर हें ठिगळ उघड दिसतें. ह्या चार इंचांनीं रूप तर सुधारलेंच, पण गाडी रुंद पायांवर उभी राहिल्यामुळें वळणावर तिची पकडहि वाढली. गणितांत तीनदां नापास झालेल्या माणसाचें हें भूमितीचें उत्तर.

१९४८ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्यें दहा वर्षांनीं प्रथम मोटारींचें प्रदर्शन भरलें, आणि पांच लाखांवर लोक तें पाहावयास लोटले. पेट्रोल अद्याप शिधापत्रिकेवर होतें. बहुतेकांना गाडी मिळण्याची शक्यता नव्हतीच. युद्धानें दिवाळखोर केलेल्या देशाला डॉलर हवे होते, आणि जो कारखाना माल परदेशीं धाडील त्यालाच पोलाद, असा सरकारी खाक्या होता. म्हणजे लोक पाहावयास आले होते ते आपणांस न मिळणाऱ्या वस्तु. ह्या प्रदर्शनांत मायनर ३५८ पौंड १० शिलिंग ७ पेन्स ह्या किंमतीला मांडली गेली. 'मॉस्किटो' नांव मागें पडलें व थोरलीचें नांव धाकटीला मिळालें. आरंभीं दोन दारांची बंद गाडी आणि कापडी टपाची उघडी गाडी असे दोनच प्रकार होते. चार दारांची १९५० सालीं आली. पहिल्या मायनरचे दिवे खालीं, जाळीच्या दोन अंगांस होते. अमेरिकेंतील नियमांना ते फार खालीं वाटले, म्हणून ते मडगार्डांवर उंच चढविले गेले, आणि १९५१ पासून घरच्या गाड्यांनाहि तेच आले. मूळच्या खालच्या दिव्यांची गाडी अधिक देखणी होती, असें माझें मत आहे. परंतु सवयीनें लोकांना उंच दिव्यांचीच मायनर खरी वाटूं लागली.

यानंतरची हकीकत म्हणजे एंजिनांची हकीकत. १९५२ सालीं मॉरिस आणि ऑस्टिन हीं दोन जन्माचीं वैरी घराणीं एकत्र होऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन स्थापन झालें. ऑस्टिनची धुरा वाहणारे लेनर्ड लॉर्ड हे पूर्वीं मॉरिसकडेच व्यवस्थापक होते. १९३६ सालीं नफील्डांशीं भांडून बाहेर पडतांना काउलीची वीट न् वीट उपटीन, असें ते म्हणाल्याचें सांगतात. तेच आतां दोन्ही घरांचे कारभारी झाले. वीट त्यांनीं उपटली नाहीं, एंजिन उपटलें. मायनरच्या पोटांत ऑस्टिनचें ८०३ घन सेंटिमीटरचें एंजिन आलें. तें रचनेनें आधुनिक खरें, पण आकारानें लहान. चढणीवर तें केविलवाणें ओरडे. ह्या गाडीला दुसरी माला म्हणतात. १९५६ च्या ऑक्टोबरांत तें वाढवून ९४८ केलें, समोरची दोन तुकड्यांची कांच जाऊन एक अखंड वक्र कांच आली, मागची खिडकी मोठी झाली, आणि गाडीला 'मायनर १०००' हें नांव मिळालें. ह्या एंजिनाची शक्ति सदतीस घोड्यांची. मूळच्या एंजिनाची होती साडेसत्तावीस. मूळची गाडी कशीबशी ताशीं साठ मैलांच्या पलीकडे जाई, ही सत्तरी सहज ओलांडूं लागली. १९६१ सालीं दाराच्या खांबांतून बाहेर पडणारे दिशादर्शक हात जाऊन लुकलुकणारे दिवे आले. १९६२ सालीं एंजिन १०९८ घन सेंटिमीटरचें झालें. तेथें सुधारणा संपली.

हा क्रम ध्यानीं घेतला म्हणजे एक गोष्ट नजरेस येते. चौदा वर्षांत एंजिन तीनदां बदललें, त्याची शक्ति पाऊणपटीनें वाढली. पण पिळाच्या दांड्या, सुकाणू, चाकांची बैठक, ह्यांना कोणी मुळांतून हात लावला नाहीं, आणि लावण्याची गरजहि पडली नाहीं. साडेसत्तावीस घोड्यांसाठीं केलेली बैठक अठ्ठेचाळीस घोड्यांनाहि पुरून उरली. इसिगोनिस स्वतः १९५२ सालींच कंपनी सोडून आल्व्हिसकडे गेला होता. तो परत आला १९५५ च्या अखेरीस, आणि आला तो मायनर सुधारण्यासाठीं नव्हे. १९५९ सालीं त्यानें 'मिनी' काढली, ती कथा निराळी. म्हणजे मायनर ऐन भरांत असतांना तिचें मर्म जाणणारा माणूस घरांत नव्हता. जे होते त्यांनीं ती विकली, रंगविली आणि जाळी बदलली.

येथें जर्मनीकडे पाहणें भाग आहे. युद्ध संपल्यावर फोक्सवागेनचा पडका कारखाना ब्रिटिश सैन्याच्या ताब्यांत होता, आणि ब्रिटिश मोटारधंद्यांतील जाणत्यांनीं त्या गाडीची तपासणी करून ती बाजाराच्या कामाची नाहीं, असा निर्वाळा दिला. फुकट मिळत असलेला कारखाना त्यांनीं सोडला. त्या गाडीलाहि पिळाच्या दांड्या होत्या, आणि इसिगोनिसला जें मिळालें नाहीं तें आडव्या चार नळ्यांचें एंजिनहि होतें. फोक्सवागेनची दहा लाखावी गाडी १९५५ च्या ऑगस्टांत निघाली; मायनरची निघाली १९६० च्या डिसेंबरांत. पुढें त्या गाडीची संख्या दोन कोटींवर गेली. हांकण्याच्या सुखांत मायनर तिच्याहून सरस होती, हें कोणीहि नि:पक्षपाती माणूस कबूल करील. मग मागें कां पडली? माझ्या मतें कारण गाडींत नाहीं, घरांत आहे. जर्मनांपाशीं एकच गाडी होती. जगणें अगर मरणें तिच्याबरोबर. परदेशांत विक्रीच्या आधीं सुटे भाग आणि शिकलेले कारागीर पोंचविण्याचा त्यांनीं नेम ठेवला. काउली आणि ऑस्टिनचें लाँगब्रिज यांत साठेक मैलांचें अंतर. पण एकत्र झाल्यावरहि दोघांचे विक्रेते निराळे, दोघांच्या लहान गाड्या निराळ्या, आणि ऑस्टिनची 'ए ३०' व मॉरिसची मायनर एकाच दुकानदारीच्या दोन तोंडांनीं एकमेकींचीं गिऱ्हाइकें पळवीत होत्या. एका छत्राखालीं मॉरिस, ऑस्टिन, वूल्झली, रायली, एम. जी. अशीं पांच नांवें नांदत होतीं. एकत्र कुटुंब म्हणावें, तर चुली वेगळ्या. वेगळीं घरें म्हणावीं, तर तिजोरी एक. हातीं लागलेल्या रत्नावर सारा पैसा व सारी अक्कल लावण्याचें धैर्य ह्या घरांत कोणापाशीं नव्हतें.

ह्या कथेचा एक धागा आपल्या देशांतहि येऊन पोंचतो. बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सची स्थापना १९४२ ची. तिचें काम गुजराथेंतील ओखा बंदरांत सुरू झालें आणि १९४८ सालीं कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला गेलें. ह्या कंपनीनें मायनरला 'बेबी हिंदुस्थान' ह्या नांवानें आपल्या रस्त्यांवर आणलें. परंतु खरा वारसा आला तो मायनरच्या थोरल्या बहिणीकडून. त्याच अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनांत, त्याच मुशींतली, चौकटीवांचूनची आणि पिळाच्या दांड्यांची 'ऑक्सफर्ड'हि मांडलेली होती. ती आपल्याकडे 'हिंदुस्थान चौदा' झाली. तिच्या पुढच्या पिढीवरून 'लँडमास्टर' निघाली, आणि त्याच्या पुढच्या पिढीवरून १९५० च्या दशकाच्या अखेरीस 'अँबेसडर'. मुंबईकराला टॅक्सी म्हटलें कीं फियाटच आठवते. पण मंत्र्याची, कलेक्टरची आणि जिल्ह्याच्या गांवच्या सरकारी कचेरीची गाडी अँबेसडरच होती, आणि ती २०१४ पर्यंत निघत राहिली. कच्च्या रस्त्यावर पांच माणसें व छपरावर वळकट्या घेऊन तिनें जो सोशिकपणा दाखविला त्याचें कांहीं श्रेय तिच्या पुढच्या चाकांमागील त्या पोलादी पिळाला द्यावें लागतें. स्मर्नाहून परागंदा झालेल्या एका मुलाच्या विचाराचा हा अंश साताऱ्या-सोलापुरापर्यंत पोंचला होता.

इंग्लंडांत मायनरनें जी जागा मिळविली तिला किंमतीशिवाय दुसरेंहि कारण आहे. ती ऐट करणाऱ्याची गाडी नव्हती आणि गरिबाची लाज सांगणारीहि नव्हती. जिल्ह्याची परिचारिका पहांटे तिच्यांतून बाळंतपणाला जाई. टपालखात्याच्या लहान मोटारींना तर आरंभीं पुढचीं मडगार्डें रबराचीं बसविलीं होतीं, म्हणजे अरुंद गल्लींत घांसलें तरी पोंच पडूं नये. १९६० च्या दशकाच्या अखेरीस गस्तीच्या पोलिसांनीं फिक्या निळ्या व पांढऱ्या रंगाच्या मायनर वापरल्या. अपराध्याला अशा गाडीचा धाक वाटत असेल असें नाहीं, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना धीर वाटत असावा. दहा लाखांचा टप्पा गांठल्याच्या निमित्तानें साडेतीनशेंच्या आसपास गाड्या फिक्या जांभळ्या रंगांत काढल्या गेल्या. रंग फारच धीट होता. लॉर्ड नफील्ड यांनीं इसिगोनिसचे आभार ह्याच सुमारास, प्रथमच, मानले, अशी हकीकत सांगतात. १९६३ सालीं नफील्ड वारले. इसिगोनिसला १९६९ सालीं 'सर' हा किताब मिळाला, आणि १९८८ सालीं तो वारला.

१९६८ सालीं ब्रिटिश लेलँड नांवाच्या आणखी मोठ्या एकत्र कुटुंबांत हें सर्व गोत्र विलीन झालें. उघड्या टपाची मायनर १९६९ सालीं गेली, बंद गाडी १९७० सालीं. मायनरच्या जागीं १९७१ सालीं 'मरीना' आली. नवी म्हणून मिरविलेल्या ह्या गाडीच्या पुढच्या चाकांखालीं कारखान्यानें काय घातलें होतें? मायनरच्याच पिळाच्या दांड्यांची बैठक. तेवीस वर्षांत तिच्याहून बरें कांहीं करण्यास त्यांना सुचलें नव्हतें, किंवा पैसा नव्हता. दोन्ही खरें असावें. त्यानंतर चार वर्षांतच ती कंपनी सरकारला आपल्या हातीं घ्यावी लागली.

'ट्रॅव्हलर' बंद झाली ती १९७१ सालींच. १९५३ सालीं आरंभलेल्या ह्या प्रकारांत मागचा अर्धा भाग अॅश जातीच्या लांकडाच्या उघड्या चौकटींत बसविलेला असे, दारेंहि तशींच. पाहणाऱ्याला तें लांकूड शोभेचें वाटतें, पण त्यावर गाडीच्या पाठीचा भार तोललेला असतो. इंग्लंडांत अशा गाड्या अजूनहि दृष्टीस पडतात. जेथें त्या तपासणीला जातात तेथें तपासनीस पत्र्याबरोबर लांकडालाहि टोंचून पाहतो, आणि तें कुजलेलें आढळल्यास गाडी नापास करतो. मग मालकाला सुताराकडे जावें लागतें.